ज्याला पाहायचं त्यानं द्यावं

दिवाळीचा पाडवा आटोपला की आमच्या गावात मंडळाची माणसं मंडईच्या वर्गणीसाठी पावतीबुक घेऊन घरोघर फिरतात. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, आणि दंडार म्हणजे त्या दिवशी चौकात होणारा नाच-गाण्याचा खेळ. गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा मी माहेरीच होते. ओसरीवर सतरंजी टाकली गेली, वहिनीनं चहा ठेवला, भाऊ पैसे आणायला आत गेला. तेवढ्यात पुण्याहून सुटीवर आलेला माझा भाचा खजिनदारांना म्हणाला, "गुरुजी, एवढं घरोघर कशाला फिरता? तिकीट लावा ना. ज्याला पाहायचं तो देईल." गुरुजी म्हणजे गावातल्या निम्म्या माणसांना बाराखडी शिकवलेले, आता सत्तरी ओलांडलेले. ते म्हणाले, "नाटकाले तिकीट आहेच ना गा. दंडारीले कसं लावतेत? चौकाले का दरवाजा आहे?" सगळे हसले, भाचाही हसला. भावानं पाचशे एक रुपये दिले, गुरुजींनी कार्बन नीट सारखा करून पावती लिहिली आणि मंडळी शेजारच्या घराकडे वळली. विषय तिथंच संपला.

भाच्याचं म्हणणं मला चूक वाटेना, आणि पटेनाही.

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. तो ज्या जगात राहतो तिथं सगळं असंच चालतं. जे बघाल त्याचे पैसे भरा, नको असेल तर महिना संपताच बंद करा. त्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणाही आहे. कुणावर जबरदस्ती नाही, कुणाच्या दारात जाऊन उभं राहणं नाही. ज्याला दंडारीत रस नाही, जो मंडईच्या दिवशी घरात मोबाइलवर क्रिकेट बघत बसतो, त्यानं पाचशे एक का द्यावेत? हा प्रश्न मला रात्री अंथरुणावर पडल्यावरही सोडेना. मी स्वतः दर वर्षी वर्गणी देते. नोकरी लागल्यापासून देते. पण का देते, याचं सरळ उत्तर मी कधी शोधलंच नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आमच्या घरात ती दिली जाते, एवढंच.

आमचं गाव लाखांदूर तालुक्यात, चुलबंदच्या काठाला. भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला मंडई काय ते सांगायला नको. भाऊबीज झाली की एकेका गावाची मंडई सुरू होते, आणि दिवस असे वाटून घेतलेले असतात की आज या गावात नाचलेली दंडार उद्या त्या गावात जाऊ शकेल. हलकं धान कापून पडलेलं असतं, भारी धान अजून बांदीत उभं असतं, आणि धुऱ्यावरून चालताना ओल्या तणसाचा गोडसर वास येतो. सकाळपासून चौकात पालं लागतात. जिलेबीच्या कढईखालचा धूर, उकडलेल्या शिंगाड्यांचे काळे ढीग, बांगड्यांच्या गाड्याभोवती कोंडाळं करून उभ्या असलेल्या माहेरवाशिणी. दुपार कलली की दंडारी यायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरतानाच ढोलकीवर एखादी थाप पडते आणि गर्दीची मान तिकडे वळते. तोंडाला पांढरा रंग, त्यावर कुंकवाचे ठिपके, डोळ्यांत बोटभर काजळ. लुगडं नेसलेल्या पोरांच्या पायांत चाळ. गेल्या वर्षी माझ्या अगदी समोर एका पोराच्या चाळाची वादी तुटली. नाच न थांबवता तो ओळीतून एक पाऊल मागे सरला, बाजूला उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं आपल्या पिशवीच्या तोंडाची सुतळी सोडून दिली, पोरानं वाकून दोन वेढे मारले, आणि पुढचं कडवं यायच्या आत तो ओळीत परत. म्हातारा त्याचा कुणी लागत नव्हता. दुसऱ्याच गावचा होता तो.

एवढा सगळा खेळ एका दुपारचा. पण तो दुपारी तयार होत नाही. आमच्याकडे तालीम तान्हा पोळा झाला की बसते. रोवणी आटोपलेली असतात, कापणीला अवकाश असतो, हातात थोडा वेळ असतो. जेवणं उरकून पोरं समाजमंदिरात जमतात. तोवर पोळ्याच्या झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची कवनं, त्यांच्या ओठांवर ताज्याच असतात. तोरणाखाली उभं राहून चारचौघांसमोर आवाज चढवायची पहिली संधी तीच, आणि कोणाचा आवाज खणखणीत आहे ते दंडार शिकवणारे शाहीर तिथंच हेरून ठेवतात. पावसाळी हवेनं ढोलकीचं पान उतरलेलं असतं, डफ मऊ पडलेला असतो. मग बाहेर चार काटक्या पेटवून डफ शेकायचा, बोटानं वाजवून बघायचा, पुन्हा शेकायचा. नवीन पोरगा ढोलकीवर बसला की शाहीर त्याच्या मागं बसतात आणि मनगट धरतात. "बोट ठेवू नको गा, पडू दे," एवढंच पुन्हापुन्हा म्हणतात. पोराचं बोट चामड्यावर चिकटून राहतं, नाद घुसमटतो. शाहीर त्याचं मनगट उचलतात, सोडतात. उचलतात, सोडतात. मग एखाद्या रात्री, बहुतेक नवरात्र लागायच्या सुमारास, ते बोट एकदाचं नीट पडतं. खोलीतल्या सगळ्यांना ते कळतं. कोणी काही बोलत नाही, पण गप्पा मारणारे थांबतात.

त्या रात्रीचं तिकीट कुणाला विकायचं?

ढोलकीच्या पानाला पैसे लागतात. पेटीचा एखादा सूर बसतो, भाता फाटतो, तो लाखांदूरला दुरुस्त होत नाही, नागपूरला न्यावा लागतो. समाजमंदिराच्या विजेचं बिल येतं. रंग, काजळ, लुगडी, चाळ, रात्री अकराच्या चहाचं दूध. यातला एकही खर्च मोठा नाही, आणि यातला एकही खर्च पाहणाऱ्याला दिसत नाही. प्रेक्षकाकडून वसूल करायचा म्हटला तर त्याला तो कशाचा आहे हेही सांगता येणार नाही.

बाबा मंडळात पेटी वाजवायचे. त्यामुळे माझ्या लहानपणीची दिवाळी म्हणजे आई आणि बाबांचं भांडण. "खळ्यावर पुंजनं उघडं पडलं आहे न् तुमची पेटी काही बंद होत नाही," असं आई म्हणायची आणि तिचं खरंच होतं. बाबांची झोप व्हायची नाही, सकाळी बांदीत ते पेंगायचे, भारे वाहायला आईला भावाला शाळेतून ठेवून घ्यावं लागायचं. वर पुन्हा मंडळाला पैसे कमी पडले की बाबा घरातलेच घालायचे. आईनं त्या मंडळावर कधी मनापासून प्रेम केलं असेल असं मला वाटत नाही. तरी बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या मंडईला वर्गणीवाले संकोचानं आमच्या दारावरून पुढं निघाले, तेव्हा तिनं त्यांना हाक मारून बोलावलं आणि पावती बाबांच्याच नावानं फाडायला लावली. का, ते मी विचारलं नाही. मला ते समजल्यासारखं वाटतं, पण शब्दांत सांगता येत नाही.

भाच्याची बाजू जिथं पूर्ण खरी ठरते, ते ठिकाण आमच्यापासून दूर नाही. वैनगंगा ओलांडली की वडसा, म्हणजे देसाईगंज. तिथं नाटक कंपन्यांच्या पाट्या ओळीनं लागलेल्या आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांचा हंगाम. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो आणि पहाटे कोंबडं आरवायच्या सुमारास पडतो. ऑर्गन, तबला समोर, संवाद पुरवणारा प्रॉम्प्टर खाली बसलेला, आणि अंगावर गोधडी घेऊन बसलेली पाच-पाच गावं. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या या पट्ट्याची, नाटकं तिकिटावर चालतात आणि मानानं चालतात, सरकारी अनुदानाची वाट न बघता. २०२३ साली झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आमच्या सगळ्या पट्ट्यात घरच्या माणसाचा सत्कार व्हावा तसा आनंद झाला होता. म्हणजे तिकिटावर कला जगू शकते, हे आम्हालाच काय ते जास्त ठाऊक.

पण तिकीट विकतं कोण? कंपनी नाही विकत. गावचं मंडळ वडशाला जाऊन नाटक ठरवतं, इसार देतं, मंडप टाकतं, बसायची जागा तयार करतं, बैलगाडीला लाउडस्पीकर बांधून चार गावांत ओरडून येतं. नाटक झालं की ठरलेली रक्कम कंपनीला द्यावीच लागते, गल्ला भरो न भरो. उरलं तर मंडळाचं. त्या उरलेल्या पैशातून आमच्या शाळेला कुंपण झालं, मारुतीच्या देवळापुढं शेड झाली, दंडारीला नवी लुगडी आली. आणि बुडालं तर? एका वर्षी ऐन नाटकाच्या रात्री नऊ वाजता अवकाळी पाऊस आला. कनाती खाली बसल्या, खुर्च्यांत पाणी. कंपनीचे कलावंत तोंडाला रंग लावून तयार होते, त्यांचा काय दोष? मंडळाच्या सभासदांनी आपापल्या घरचं धान विकून तो खड्डा भरला. बाबाही त्यात होते. त्या महिन्यात आमच्या घरात भांडण झालं नाही, आई नुसती गप्प होती.

गावच्या करमणुकीची दोरी किती ठिकाणी बांधलेली असते ते शंकरपट बंद झाल्यावरही कळलं. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. बैलांच्या हालांबद्दलची न्यायालयाची काळजी मला पटत होती, अजूनही पटते. पण आमच्याकडे दिवसा पट आणि रात्री नाटक ही जोडी होती. पट गेल्यावर लांबून येणारी माणसं कमी झाली, आणि काही गावांनी नाटकाचंही धाडस सोडलं. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी परत मिळाली. त्याआधी करोनाची दिवाळी गेलीच होती, आमच्याकडे मंडई भरली नाही, तालीमही बसली नाही. मधल्या काळात ज्या पोरांचं बोट बसायचं होतं ती पोरं सुरतेला, हैदराबादला कामाला गेली. ज्या गावांत मंडळ टिकून होतं, नोंदवही होती, वर्गणी गोळा करणारी चार माणसं होती, तिथं सगळं पुन्हा सुरू झालं. ज्या गावांत मंडळ मोडलं होतं तिथं परवानगी येऊनही काही झालं नाही. शेजारच्या एका गावची दंडार मी लहानपणी पाहिलेली सगळ्यात देखणी दंडार. ती आता नाही. ढोलकी कुणाच्या तरी माळ्यावर आहे म्हणतात.

सरकार काय करतं, असं विचारणारे असतात आणि ते विचारायलाच हवं. राज्य सरकार पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांना मानधन देतं, २०२४ पासून ते महिना ५,००० रुपये झालं. आमच्या शाहिरांच्या घरी त्या पैशानं औषधं येतात, तेव्हा त्याची किंमत मला माहीत आहे. नागपूरला १९८६ पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, तिथल्या मंचावर विदर्भातल्या लोककला दिसतात. कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्च करायचा जो कायदा आहे, त्यातल्या कामांच्या यादीत पारंपरिक कलाही आहेत. पण हे सगळं बघा. मंच मिळतो तो तयार दंडारीला. मानधन मिळतं ते म्हाताऱ्या शाहिराला. कंपनीचा पैसा जातो तो ज्याच्याकडे ऑफिस, संगणक आणि अर्ज लिहिणारा माणूस आहे त्याच्याकडे.

बारा वर्षांच्या पोरापासून पन्नाशीच्या शाहिरापर्यंतच्या मधल्या वर्षांचं काय?

ती वर्षं गावाच्याच अंगावर आहेत. दुसरं कोणी ती उचलणार नाही, कारण दुसऱ्या कुणाला ती दिसतच नाहीत. भाच्याला मी दुसऱ्या दिवशी हेच सांगायला गेले, तर तो म्हणाला, "पण आत्या, जो येतच नाही त्याला काय मिळतं?" प्रश्न चांगला होता. मी त्याला त्याच्याच आईबापाची गोष्ट सांगितली. भाऊ पंचवीस-सव्वीसचा असताना मंडईला आलेल्या एका पाहुण्यानं ओसरीवर बसून सोयरीक सुचवली. त्या पाहुण्याला दंडारीत काडीचा रस नव्हता, तो दिवसभर पानठेल्यावर बसून होता. पण तो गावात आला मंडई होती म्हणून, आणि मंडई म्हणायची तर दंडार हवी. आमच्याकडे कित्येक लग्नं अशीच जुळलेली आहेत. लेकी माहेरी येतात, भावाभावांचं वर्षभराचं बोलणं त्या दिवशी पुन्हा सुरू होतं, बांगडीवाल्याची, जिलेबीवाल्याची दिवाळी त्या आठवड्यात होते. वर्गणी न देणाऱ्यालाही हे सगळं मिळतं, न मागता मिळतं. चौकात पाठ करून बसलेला माणूसही मंडईतच बसलेला असतो. भाचा ऐकून घेतो, पण लगेच मान डोलावत नाही, आणि ते मला आवडतं. त्यानं पुढचा प्रश्न केला: "मग हिशेब दाखवतात का?"

इथं मला थांबावं लागलं, कारण मंडळाबद्दल माझ्या मनात सगळं गोड नाही. मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं आहे, धर्मादाय आयुक्तांकडे त्याचा नंबर आहे, दर वर्षी हिशेब तपासून सादर करायचा असतो. कागदावर हे आहे. प्रत्यक्षात पूर्वी एक अध्यक्ष असे होऊन गेले की हिशेब त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. विचारलं की "तुमचा विश्वास नाही का" असं म्हणायचे. त्या काळात बऱ्याच घरांनी वर्गणी बंद केली आणि काहींनी ती पुन्हा कधी सुरू केली नाही. त्यांना दोष देता येत नाही. गुरुजी खजिनदार झाल्यापासून जमाखर्च देवळाच्या भिंतीवर चिकटवला जातो, पावतीबुकांचे नंबर लिहिलेले असतात. ज्यांनी विचारायचं सोडलं नाही, त्यांच्यामुळे हे झालं. वर्गणी देणाऱ्यालाच भिंतीपुढं उभं राहून बोट ठेवता येतं, "हे मंडपाचं बिल एवढं कसं?" न देणारा बाहेरून बोलत राहतो आणि त्याचं कुणी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे. माझ्या लहानपणी वर्गणी सगळ्या गावाकडून मागितली जात नव्हती. बौद्ध वस्तीकडे पावतीबुक जायचंच नाही, आणि दंडारही तिकडे वळायची नाही. वस्तीत त्यांची स्वतःची गायनपार्टी होती, १४ एप्रिलच्या आधी महिनाभर त्यांची पेटी रात्री ऐकू यायची, आणि बाबा अंगणात उभे राहून ऐकायचे. "सुरात आहे पोट्टा," असं म्हणायचे. तिकडे जाऊन बसले मात्र नाहीत. आज कार्यकारिणीत वस्तीतले दोघं आहेत, मंडळाचा कीबोर्ड आणि साउंड तिथलाच एक मुलगा सांभाळतो, जयंतीला मंडळाचे पडदे आणि माइक तिकडे जातात. हे सहज झालं नाही. त्यासाठी भांडणं झाली, एकानं राजीनामा दिला, एका वर्षी मंडई होते की नाही अशी वेळ आली. पण वर्गणी सगळ्यांची झाल्यावर "दंडार आमच्या वस्तीत का नाही येत" हे विचारायचा हक्क आपोआप आला. पैसे घेतले की ऐकून घ्यावं लागतं. तिकीटवाल्या प्रेक्षकाला फार तर नाटक आवडलं नाही म्हणता येतं. गाव कुणाचं, हे विचारता येत नाही.

आणि बायकांचं. समाजमंदिराच्या मागच्या भिंतीला लागून आमच्या शेजाऱ्यांचा गोठा होता. तालमीच्या रात्री मी आणि माझी मैत्रीण त्या गोठ्यात बसायचो. शेणाचा वास, डास, गाईचं रवंथ, आणि भिंतीपलीकडून येणारी गाणी. आम्हाला त्या वर्षीची सगळी दंडार तोंडपाठ असायची, लुगडं नेसणाऱ्या पोरांपेक्षा जास्त. मैत्रिणीचा गळा असा होता की ती शेतात गात असली की रोवणाऱ्या बाया थांबायच्या. तिला आत जाऊन बसायचं कधी सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी कुणी बसू दिलं नसतं. त्याच वेळी आत एक पोरगा बाईचा आवाज काढायचा प्रयत्न करत असायचा आणि शाहीर त्याच्यावर चिडलेले असायचे. मला त्या पोरांचा राग कधी आला नाही, त्यांची कला मोठीच होती. पण मैत्रिणीचा गळा वाया गेला, याचं दुःख अजून आहे. ती आता दोन नातवंडांची आजी आहे, भजनी मंडळात टाळ धरते.

मग अशा मंडळाला पैसे का द्यायचे, असं कुणी मला विचारलं तर मी म्हणेन, याच कारणासाठी. बाहेर उभं राहून मला ते मंडळ बदलता आलं नसतं. होळीनंतर मंडळाची वार्षिक सभा असते. यंदा मी वर्गणीदार म्हणून गेले, वहिनीला आणि गावातल्या अंगणवाडीच्या ताईंना सोबत घेतलं. देवळापुढच्या शेडमध्ये पुरुष बसलेले होते, त्यांनी सरकून जागा केली. जमाखर्च वाचून झाल्यावर ताईंनी विषय काढला: मुलींची तालीम. रात्रीची नको, रविवारी दुपारी, शाळेच्या व्हरांड्यात. एकदम कुजबुज झाली. एक जण म्हणाला, आईबाप पाठवणार नाहीत. ताईंनी नऊ मुलींची यादी पुढं ठेवली, खाली पालकांच्या सह्या. दुसरा म्हणाला, लग्नं झाली की सगळं शिकवलेलं दुसऱ्या गावाला जाईल. त्यावर वहिनी, जी एरवी चारचौघांत बोलत नाही, म्हणाली, "मी बी दुसऱ्याच गावावून आली. तुमच्या मंडळाच्या चाळीस माणसाइचा स्वयंपाक कोन करते?" यावर कुणाला उत्तर सुचलं नाही.

पैशाचा प्रश्न आलाच. मुलींसाठी वेगळी ढोलकी हवी, मोठी ढोलकी रात्रीच्या तालमीतून मोकळी होत नाही. पेटी एकच आहे आणि तिचा भाता फाटलेला. भाच्यानं पुण्याहून निरोप पाठवला होता की गावाबाहेर नोकरी करणाऱ्यांचा एक गट करून तो दर महिन्याला थोडे थोडे गोळा करेल, पण खर्चाची पावती फोटो काढून गटात टाकायची, ही अट. जुन्या सभासदांपैकी दोघांना ती अट लागली. गुरुजींना लागली नाही. "भिंतीवर लावतो ते फोनवर लावीन, त्यात काय," म्हणाले. पैशांइतकंच दुसरंही लागणार होतं: व्हरांड्याची किल्ली, रविवारी दोन तास मोकळं असणारं कोणी मोठं माणूस, ढोलकी आणायला नागपूरला जाणारी गाडी, धर्मादायचा राहिलेला फेरफार अर्ज भरून देणारा कोणी. किल्ली मुख्याध्यापकांनी कबूल केली. अर्ज मी अंगावर घेतला, माझं रोजचं काम कागदांचंच आहे. गाडी ज्याची होती तो काही बोलला नाही, पण सभा संपल्यावर कधी जायचं ते विचारून गेला.

शिकवणार कोण, हा मुद्दा शेवटी आला. सगळ्यांनी शाहिरांकडे पाहिलं. ते बराच वेळ विडी हातात नुसती धरून बसले होते. मुलींना शिकवायला त्यांचा विरोध असणार असं मी धरून चालले होते, आणि मनात उत्तरं जुळवत होते. ते म्हणाले, "मी शिकवीन. पन अर्ध्यात सोडाचं नाही. पोयापर्यंत हात बसला पायजे, नाही तर मंडईत मी उभा नाही राहत." मग त्यांनी माझ्या मैत्रिणीचं नाव घेतलं, तिला गाणी येतात ना, तिला बोलवा, गळ्याचं तिच्याकडे द्या. त्यांना ते कसं माहीत, देव जाणे. मैत्रिणीनं आधी नाही म्हटलं, गुडघे दुखतात म्हणाली. पुढच्या रविवारी आली.

ढोलकी आली आहे, पेटी अजून नागपूरला आहे. नऊपैकी सात मुली नेमानं येतात, दोघींच्या घरी अजून बोलणी चालू आहेत. रोवणीच्या दिवसांत रविवार मोडतील, तेव्हा तालीम संध्याकाळी घ्यावी का यावर ताई आणि शाहीर यांचं अजून जमलेलं नाही. ताईंना पावसाळ्यात उजेड असतानाच मुली घरी पोचलेल्या हव्यात, शाहिरांना सलग दोन तास हवेत. येत्या रविवारी पालकांना बोलावून हे ठरवायचं आहे. गावात असाल तर या, चार वाजता, शाळेच्या व्हरांड्यात.